आंध मजूर व आपण

पाडवा आला की शेतमालक नवा सालगडी ठरवितो. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम उचल वाटून ऊसतोडीचे कोयते जुळवितो. माघ-फाल्गुनात हळद काढावयास, शिजवावयास व वाळवावयास माणसे लागतात. आणि केळीचा घड मजुराच्या खांद्यावरूनच गाडीपर्यंत पोचतो. डोंगरकडा व त्याच्या पंचक्रोशीची जी भरभराट झाली, ती या हातांनी झाली, आणि त्यांत आंध या आदिवासी समाजाचे हात पुष्कळ आहेत. त्यांचे काम आपण तोलून मापून घेतो. परंतु त्यांच्याशी आपण वागतो कसे, याचा हिशेब आपल्या कोणत्या वहीत आहे? तो आज मांडावा असे आम्ही योजिले आहे.

आंध हे या मुलखात उपरे नव्हेत. हा भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हाही ते येथे होते. संस्थान १९४८ साली भारतात आले तेव्हाही होते. आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पहिलेच नाव त्यांचे आहे, व कळमनुरीस आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. ते मराठी बोलतात, म्हणजे भाषेचा अडसर नाही. असे असता जे अंतर आहे, ते आपणच राखिलेले आहे. फार कशास, त्यांचे नाव तरी आपण नीट लिहितो काय? एक काना गाळून 'आंध'चे 'अंध' केले, की एका जमातीचे नाव पुसून तेथे एक व्यंग लिहिले जाते. शाळेच्या दाखल्यात अशी चूक राहिली, तर त्या मुलास पुढे जात पडताळणीच्या दारी किती खेटे घालावे लागतील, याचा विचार लेखणी धरणाराने करावयास नको काय?

यावर आमचे व्यापारी व बागाईतदार मित्र म्हणतील, "अडीनडीस आम्ही पैसे देतो, लग्नकार्यास हात लावितो; याहून आदर तो आणखी काय करावयाचा?" या मित्रांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु उपकार ही एक वस्तू आहे आणि आदर ही दुसरी. उपकार करणारा वर बसतो व घेणारा खाली बसतो. आदरास दोघेही एका बैठकीवर लागतात. डहाणू-उंबरगावच्या जमीनदारांची समजूतही अशीच होती. ते वारल्यांस खावटी देत, लग्नास कर्ज देत. आणि त्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांस वर्षानुवर्षे राबवून घेत. अशा माणसास तेथे 'लग्नगडी' हे नावच पडले होते. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, वेठ करणार नाही म्हणाले, तेव्हा कोठे त्या जमीनदारांस कळले की आपण ज्यास माया समजत होतो त्यास समोरचा मनुष्य गुलामगिरी समजत होता. कर्जापोटी माणूस बांधून घेणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. आपल्याकडील उचल त्या वेठीच्या पायरीस तर पोचत नाही ना, हे उचल देणाऱ्यानेच आपल्या मनास विचारावे.

समोरचा बोलत नाही म्हणून तो संतुष्ट आहे असे मानणे, ही मालकवर्गाची जुनी चूक आहे, आणि ती केवळ आपल्याच देशात घडली असे नाही. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांस आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडिले गेले. त्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ साली चौऱ्याण्णव आवाहने केली. त्यांतील एक थेट उद्योगधंद्यांस आहे. त्यात मूळ रहिवाशांस नोकरीची संधी समान असावी असे सांगून, व्यवस्थापकांस व नोकरांस त्या लोकांचा इतिहास शिकवावा असेही म्हटले आहे. शिकावयाचे ते काम देणाराने, हा त्यातील मुद्दा आम्हांस मोलाचा वाटतो. आपण मात्र आजवर मजुरासच शिकविण्याच्या गोष्टी करीत आलो.

मग करावे काय? खर्च फारसा नाही. वडीलधाऱ्या मजुरास 'अरे' न म्हणता 'अहो' म्हणावे, व हजेरीपुस्तकात त्याचे पूर्ण नाव लिहावे. उचल व कापलेली रक्कम त्याच्यादेखत, त्याच्या घरच्या लिहित्यावाचत्या मुलास दाखवून मांडावी. 'कोयता' म्हणजे नवरा-बायको अशी एकच गणती करून सारा पैसा नवऱ्याच्या हाती देण्याची रीत सोडावी, आणि बाईच्या घामाचे दाम बाईच्या हाती पडावे. त्यांच्या सणावाराचे दिवस आधी विचारून कामाची आखणी करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, शिकलेल्या आंध तरुणास केवळ ओझ्यास न लावता वजनकाट्यावर, हिशेबास, देखरेखीस बसवावे. ज्याच्या हाती कधी काटा दिलाच नाही, त्यास आपण विश्वासाचा मानतो असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

किनवट तालुक्यातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथील ग्रामसभांस १९९६ च्या पेसा कायद्याचे बळ आहे. कळमनुरी तालुक्यास ते नाही. चारचौघांत जातीवरून हिणविणाऱ्यास १९८९ चा कायदा शासन करतो हे खरे. परंतु हिणविले नाही म्हणजे मान दिला असे होत नाही. जेथे कायद्याचे छप्पर अपुरे, तेथे माणसाच्या वागण्यावर अधिक भार येतो. तो भार दुकानाची, गोदामाची व मळ्याची किल्ली ज्यांच्या कमरेस आहे त्यांनीच उचलला पाहिजे, आणि हे लिहिणारे आम्हीही त्यातून सुटत नाही.

येत्या पाडव्यास सालगडी ठरविताना साल किती, धान्य किती, हे प्रश्न होतीलच. त्यांच्या आधी त्यास समोर बसवून एक प्रश्न विचारावा: "गेल्या वर्षी आमच्याकडून तुम्हांस काय खुपले?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. ते कदाचित पहिल्या वर्षी मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारावे.