तंत्रशाळेंत घालावें कीं नाहीं ?

गेल्या महिन्यांत आमच्या शेजारच्या घरीं एक लहानसा पेंच पडला होता. घर एकत्र कुटुंबाचें. आजी, दोन भाऊ, सुना व मुलें मिळून रोज बारा पानें मांडलीं जातात. त्यांतील मधला नातू सातवी उत्तीर्ण झाला. आमच्या गांवीं सरकारी तंत्रशाळा आहे व आठवीपासून तेथें जातां येतें. मुलानें तेथेंच जाण्याचा हट्ट धरला. आजी म्हणाल्या, "आपल्या घरांत आजवर कोणीं लांकूड तासलें आहे का ?" वडील म्हणाले, "गुण चांगले पडत असतील तर आमची हरकत नाहीं." आई सर्वांसमोर कांहींच बोलली नाहीं, पण संध्याकाळीं मुलाला आमच्याकडे पाठवून तिनें निरोप दिला कीं, गुरुजींनीं काय तें सांगावें.

निरोप ऐकून आम्हांस अवघडल्यासारखें झालें. हाच प्रश्न सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं आम्हांस विचारला होता, आणि त्या वेळीं दिलेलें उत्तर आमच्या मनाला अजून टोंचतें. तें कसें, हें पुढें सांगूं. या खेपेस मात्र तोंड उघडण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहून यावें असें ठरविलें, आणि तेथील मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन चार सकाळी आम्हीं त्या शाळेंत बसून काढल्या.

ज्या वाचकांस अशा शाळांची माहिती नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. मुलाचें नांव त्याच्या नेहमींच्या माध्यमिक शाळेंतच राहतें. आठवड्यांतील कांहीं तासिका तो तंत्रशाळेंत येतो. तेथें सुतारकाम, जोडारीकाम, पत्र्याचें काम, विजेचीं कामें व यंत्रांचें रेखन या गोष्टी त्याला शिकवितात, आणि दहावीच्या परीक्षेंत या विषयाचे गुण इतर गुणांबरोबर धरले जातात. अर्थात् त्यासाठीं एखादा दुसरा विषय सोडावा लागतो. आम्ही नोकरींत होतों त्या शाळेंत हा सोडावयाचा विषय बहुधा संस्कृत असे. आणि संस्कृत आम्हीच शिकवीत होतों. वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

शाळा लहान आहे. दोन पत्र्याच्या शेडी, रेखनाची एक खोली, आणि एका वेळीं वीस-बावीस मुलें. पहिल्या दिवशीं आम्ही जोडारीकामाच्या शेडींत बसलों. प्रत्येक मुलापुढें लोखंडाचा एक चपटा तुकडा वाइसमध्यें घट्ट धरलेला होता. कानशीनें त्याची कड सरळ करावयाची, आणि मग गुण्या लावून तो तुकडा उजेडाकडे धरावयाचा. गुण्या व लोखंड यांमधून उजेडाची रेघ दिसली कीं पुन्हां कानस हातांत घ्यावयाची. तासभर हेंच चाललें होतें. आम्हांस वाटलें, मुलें कंटाळत असतील. एका मुलाला तसें विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, कंटाळा येतो, पण येथें बरोबर कीं चूक हें कोणाला विचारावें लागत नाहीं. गुण्याच सांगतो." दुसरा म्हणाला, "वहींतलें चुकलें तर खोडतां येतें. हें जास्त घासलें गेलें तर परत येत नाहीं."

तीस वर्षें आम्हीं मुलांच्या वह्या तपासल्या. चूक झाली ती मास्तर रागावले म्हणून, अशीच बहुतेक मुलांची समजूत असते. चूक ही वस्तूंतच असते, मास्तरांच्या मर्जीवर ती अवलंबून नाहीं, हें त्या दोन मुलांस तेराव्या वर्षीं कळलें होतें. आम्हांस तें शब्दांनीं शिकवितां आलें नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

मुलांच्या तक्रारीही पुष्कळ होत्या, आणि त्या लपवून ठेवणें बरोबर होणार नाहीं. लेथ तीन आहेत, त्यांपैकीं एकच चालतें. विजेच्या कामाच्या शिक्षकांची जागा बरेच महिने रिकामी होती. रेखनाचे कागद व सामान यांचा खर्च घरीं सांगतांना जड जातो. पण सर्वांत मोठें गाऱ्हाणें निराळेंच निघालें. तंत्रशाळेंतून नेहमींच्या शाळेंत परततांना कधीं कधीं उशीर होतो. तेथें गणिताचा तास सुरू झालेला असतो, आणि दारांत उभें असतां शिक्षक म्हणतात, "आले का लोहार ?" हें सांगणाऱ्या मुलाचे डोळे खालीं होते. असें बोलणारे कोणी एकटेच शिक्षक असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या शाळेंत मुलीही आहेत. एकीच्या आईची गांठ पडली, तेव्हां त्या म्हणाल्या, "घरांतला फ्यूज उडाला कीं आतां शेजारच्यांची वाट पाहावी लागत नाहीं. ही आधीं मेन बंद करते, मग आम्हां सगळ्यांना दूर उभें करते." मुलीच्या शिक्षणाबद्दल एवढ्या समाधानानें बोलणारी माता आम्हीं फार वेळां पाहिली नाहीं.

पालकांच्या मतांत आम्हांस एक गंमत आढळली. पांढरपेशा घरांतील वडील पहिल्यानें गुणांविषयीं विचारतात, नंतर पदविकेच्या प्रवेशाविषयीं, आणि शेवटीं आवाज थोडा उतरवून, "हाताला कांहीं लागणार तर नाहीं ना ?" असें विचारतात. उलट एक सुतार गृहस्थ आपल्या मुलाला आणावयास आले होते, ते म्हणाले, "गुरुजी, रंधा मी घरीं शिकवीन; तो माझ्या बापानें मला शिकविला. मला कागदावरचें ड्रॉइंग वाचतां येत नाहीं, म्हणून मोठीं कामें हातचीं जातात. पोराला तें यावें म्हणून पाठवितों." एकाच बांकावर बसलेल्या दोन मुलांपैकीं एकाच्या घरीं हत्याराची भीति, आणि दुसऱ्याच्या घरीं कागदाची अडचण. या लहानशा शाळेंत दोघांचीही उणीव भरून निघते. असें दुसरें ठिकाण आमच्या गांवांत तरी नाहीं.

आतां आमची जुनी गोष्ट. तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. शब्दरूपें त्याच्या जिभेवर असत. पण दप्तरांत तारेचे तुकडे, जुन्या घड्याळाचीं चाकें, असलाच सगळा पसारा असे. सातवीच्या अखेरीस त्याचे वडील आमच्याकडे आले. म्हणाले, "हा तंत्रशाळेंत जाऊं म्हणतो. काय करावें ?" आम्हीं उत्तर दिलें, "असा मुलगा संस्कृतांत नव्वदांच्या पुढें जाईल. त्याला तिकडे पाठवून वाया कशाला घालवितां ?" वडिलांनीं आमचा शब्द मानला, आणि मुलाला खरोखरीच नव्वदांच्या पुढें गुण मिळाले.

आम्हीं सांगितलें तें खोटें नव्हतें. पण सगळें खरेंही नव्हतें. त्या वर्षीं संस्कृतची तुकडी लहान झाली होती. आणखी तीन-चार मुलें गेलीं असतीं तर ती बंद होण्याची वेळ आली असती. मुलाच्या हिताचें सांगितलें अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. वास्तविक आम्ही हित पाहत होतों तें तुकडीचें, म्हणजे पर्यायानें आमचें.

गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला होता. आतां एका कचेरींत चांगल्या हुद्द्यावर आहे, संसार उत्तम आहे. जातांना त्यानें आमच्या ओटीवरील बंद पडलेल्या पंख्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, हा उघडून पाहावा अशी मला अजून हौस वाटते. पण उघडला तरी आंत काय आहे तें कळणार नाहीं. तेव्हां तुम्ही हो म्हणाला असतां तर कळलें असतें." बोलण्यांत राग मुळींच नव्हता, तो हंसत होता. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

या गोष्टींत आमचें विशेष चुकलें तें असें, कीं ज्या विद्येच्या नांवानें आम्हीं त्याला अडविलें, तिनें हत्याराचा तिटकारा कधींच शिकविला नव्हता. ऋग्वेदांतील ऋषी आपल्या सूक्ताच्या रचनेला कुशल कारागिरानें घडविलेल्या रथाची उपमा देतात. तेथें 'तक्ष्' हा धातु सुताराच्या कामाला लागतो तसाच कवीच्या कामालाही लागतो. आपलें मराठी 'तासणें' हें त्याच धातूपासून आलें आहे. हें आम्ही फळ्यावर लिहून देत होतों, आणि त्याच मुलाला रंध्यापासून दूर ठेवीत होतों !

सरकार दरबारीं या शिक्षणाचा पुरस्कार झाला नाहीं असें म्हणतां येत नाहीं. १८८२ च्या हंटर आयोगानें माध्यमिक शिक्षणांत विद्यापीठाकडे जाणारी एक आणि व्यवहाराकडे जाणारी दुसरी, अशा दोन वाटा सुचविल्या. १९४४ च्या सार्जंट अहवालानें पुस्तकी व तांत्रिक अशा दोन प्रकारचीं हायस्कुलें कल्पिलीं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानें बहुउद्देशी शाळा मागितल्या, १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभवावर भर दिला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर घरीं ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशीं शिकावें असें सांगितलें. इतक्यांदा सांगूनही वाट रुळली नाहीं. याला पैशाची व शिक्षकांची टंचाई हें कारण आहेच. पण आमच्यासारख्यांच्या ओट्यांवर दिले गेलेले सल्ले हेंही एक कारण आहे.

आपल्या समाजांत ही वाट धरणारे कोणी झालेच नाहींत असेंही नाहीं. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरांत जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके बडोद्याच्या कलाभवनांत शिकले, आणि १९१३ सालीं त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आणला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं मुंबईस यंत्ररेखन शिकविलें, बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें, पुढें लोखंडी नांगर केला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. अलीकडचें उदाहरण डॉ. श्रीनाथ कलबाग यांचें. मोठ्या कंपनींतील संशोधनाचें काम सोडून त्यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें विज्ञान आश्रम काढला. खेड्यांतील मुलांनीं वस्तू करतां करतां विज्ञान शिकावें, ही त्यांची रीत पुढें कित्येक शाळांनीं उचलली.

शेजारच्या आजींस आम्हीं फाळक्यांची हकीकत सांगितली. त्या ऐकून घेत राहिल्या व म्हणाल्या, "तें ठीक आहे हो; पण संस्कृत सुटेल त्याचें काय ?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर देण्याचें देणें आमच्याकडेच होतें. आम्हीं म्हटलें, "बुधवारीं व शनिवारीं संध्याकाळीं आमच्या ओटीवर पाठवा. परीक्षेपुरतें नाहीं, पण गोडी लागेल एवढें आम्ही देऊं." मुलाच्या वडिलांस मात्र आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, कामाच्या दिवशीं स्वतः एकदां तेथें जाऊन यावें.

ज्या ज्या घरीं हा प्रश्न पडला असेल त्यांसही आमचें हेंच सांगणें आहे. शाळा पाहावी ती काम चाललें असतांना. समारंभाच्या दिवशीं पाहूं नये. किती यंत्रें चालतात, एका यंत्रावर किती मुलें उभीं राहतात, शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत कीं रिकाम्या, घासतांना व कापतांना मुलांच्या डोळ्यांवर चष्मे असतात कीं नाहीं, हें विचारावें. विचारण्याची भीड धरूं नये. पालक विचारूं लागले म्हणजे बंद लेथही पुष्कळदां चालूं लागतें. शेवटीं आपल्या मुलाला हत्यारापाशीं उभा करून त्याचें तोंड पाहावें. त्याला नको असेल तर आग्रह धरूं नये, कारण ही वाट प्रत्येकासाठीं नाहीं. हवें असेल, तर आड येणारें कारण खरोखर त्याच्या हिताचें आहे कीं आपल्याच सोयीचें, एवढें मनाला एकदां विचारावें. आम्हीं तें वेळेवर विचारलें नाहीं.

मुलाचें नांव आतां तंत्रशाळेंत घातलें आहे. बुधवारीं तो तिकडूनच 'रामः रामौ' म्हणावयास येतो, तेव्हां हाताला तेलाचा व लोखंडाचा वास असतो. आजी दारांतून ओरडतात, "आधीं हात धू, मग पुस्तकाला शीव." तो हात धुतो आणि बसतो. पुढच्या वेळीं येतांना पान्हा व पेचकस घेऊन येईन, असें त्यानें आमच्या पंख्याकडे पाहून कबूल केलें आहे.