चिलीम कोणाची, कबुली कोणाची?

गेवराई तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने दाताला मिसरी लावण्याची गोष्ट कधी कोणापासून लपविलेली नाही. पहाटे फडात उतरण्यापूर्वी भाजलेल्या तंबाखूची चिमूट हिरड्यांना चोळली की भूक मरते, हे ती चारचौघांत सांगते. तिच्या या उघडपणाला ‘धीट कबुली’ असे कोणत्याही वृत्तपत्राने म्हटल्याचे ऐकिवात नाही. ते विशेषण राखून ठेवले आहे नामवंत स्त्रियांसाठी. परदेशातील नट्या, गायिका आणि राजकारणी स्त्रिया गांजा ओढल्याचे मोकळेपणी सांगू लागल्या आहेत, आणि तेवढ्यावरून लोकमत बदलल्याचा निर्वाळा शहरी पुरवण्या देऊन टाकतात.

लोकमत बदलले हे खरे. पण कोणाविषयीचे बदलले? कमला हॅरिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये एका नभोवाणी कार्यक्रमात आपण पूर्वी गांजा ओढल्याचे हसत सांगितले. त्यापूर्वी त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा सरकारी वकील आणि नंतर कॅलिफोर्नियाच्या महाअधिवक्ता होत्या. त्या काळात त्याच गांजापायी शिक्षा झालेल्यांचा हिशेब तुलसी गबार्ड यांनी जुलै २०१९ च्या जाहीर वादसभेत त्यांच्याकडे मागितला. पुढे गबार्डबाईंचे राजकारण कोणत्या वळणावर गेले हा भाग वेगळा; प्रश्न मात्र बिनतोड होता. एकीचे धूम्रपान आठवण म्हणून सांगता येते आणि दुसऱ्याचे गुन्हा म्हणून नोंदले जाते, तेव्हा बदल दृष्टिकोनात झालेला नसून सवलतीच्या वाटपात झालेला असतो.

मुंबईत तर कबुलीचीही वाट पाहिली गेली नाही. ८ सप्टेंबर २०२० रोजी रिया चक्रवर्ती यांना अटक झाली आणि जवळजवळ महिनाभर त्या भायखळ्याच्या तुरुंगात राहिल्या. ७ ऑक्टोबरला जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे देणे म्हणजे अमली व्यापाराला अर्थपुरवठा नव्हे. आणि नामवंताला न्यायालयात जसा खास हक्क नाही, तसे खास दायित्वही नाही. ज्या मृत्यूवरून हे काहूर उठविले गेले, त्याचा तपास बंद करण्याचा अहवाल केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२५ मध्ये दिला. तोवर एका तरुण स्त्रीला चेटकीण ठरविणारे सूत्रसंचालक दुसऱ्या शिकारीला लागलेले होते.

२६ सप्टेंबर २०२० रोजी दीपिका पदुकोण यांची चौकशी झाली. त्यांच्या खासगी संदेशांतील अक्षरन् अक्षर देशाला पाठ करविले जात असताना, २२ व २३ सप्टेंबरला संसदेने विरोधकांच्या बहिष्कारात तीन कामगार संहिता संमत केल्या. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा त्यांतल्याच एका संहितेने गिळला. गेवराईची टोळी उचल घेऊन कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते तेव्हा तो कायदा, अंमल कितीही दुबळा असला तरी, तिचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या. दीपिकांच्या संदेशांवर रात्र जागविणाऱ्या किती वाहिन्यांनी त्या सप्टेंबरात मुकादमाला बोलावून त्याचा हिशेब विचारला?

या देशात भांग-गांजा परका नाही. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या आणि बंदीऐवजी नियंत्रण व कर सुचविले. (कर सुटू नये ही कळकळ त्यात होतीच.) १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा मात्र १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दडपणाखाली आला. त्याने भांगेची पाने व्याख्येबाहेर ठेवली आणि त्याच झाडाचा शेंडा गुन्ह्यात घातला. शिवरात्रीचा प्याला सुटला, चिलीम अडकली. कपाशीत वा तुरीत चार झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतील २०१७ व २०१८ मधले दहा हजारांवर खटले तपासले, तेव्हा सेवनापायी पिंजऱ्यात उभे राहिलेले बहुतेकजण रोजंदारीवर जगणारे, झोपडीत वा पदपथावर राहणारे निघाले. यांच्यासाठी नामांकित वकील उभे राहत नाहीत. ते गुन्हा कबूल करून दंड भरतात. कबुली त्यांचीही असते, पण तिला टाळी नसते.

साने गुरुजींच्या संस्कारात वाढलेल्या कार्यकर्त्याला हे सारे व्यसनाचे समर्थन वाटेल. २०२० मध्ये नट्यांच्या अटकेने सुखावलेल्यांत असे कार्यकर्तेही थोडे नव्हते. श्रीमंतांची नशा उघडी पडली, यात त्यांना वर्गन्याय दिसला. पण पोलिसाच्या हाती जी कलमे नटीच्या नावाने बळकट होतात, ती वापरली जातात गेवराईच्या बसस्थानकावर झोपलेल्या माणसावर. शिवाय देशातले खरे मोठे व्यसन दारूचे आहे. २०१९ च्या केंद्र सरकारी सर्वेक्षणात दारू पिणारे १६ कोटी आढळले, तर गांजा-भांग-चरस मिळून ३.१ कोटी. दारूवर राज्याची तिजोरी चालते, म्हणून तिच्या दुकानाला परवाना मिळतो.

२ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याच्या बाजूने २७ विरुद्ध २५ मते पडली. त्या २७ मतांत भारताचे मत होते. व्हिएन्नात एक आणि ठाण्यात दुसरे, अशी ही नीती! कॅनडाने २०१८ मध्ये गांजा खुला केला तेव्हा भागबाजारात कंपन्या धावल्या. तसे इथे होऊ द्यायचे नसेल, तर लागवडीच्या परवान्यावर पहिला हक्क कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे असे आताच मांडावे लागेल. सेवनाची कलमे रद्द करण्याची मागणीही त्याच्याच जोडीने हवी. उपचारासाठी स्वतःहून येणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून सूट देणारे कलम याच कायद्यात आहे. त्या कलमाचा आधार घेऊन आलेल्याला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात खाट आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळतो का, हे विचारायला गेवराईतून मोर्चा निघायला हवा, आणि तोही टोळ्या कारखान्यावर जाण्यापूर्वी.