दोन पाट, एक मास्तर

एका मुलाला शिकविणे ही काही फार अवघड गोष्ट नव्हे. अवघड असते ते त्याच वेळी दुसऱ्याला न शिकविणे! साठ-सत्तर विद्यार्थ्यांपुढे उभे राहून व्याकरण शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली. पण हे ज्ञान मला घरात दोन पाटांवर दोनच विद्यार्थी बसले तेव्हा झाले. महाविद्यालयात ज्याला शिकायचे नसते तो मागच्या बाकावर आपली सोय आपण पाहतो. घरात मागचा बाक नसतो.

आमची थोरली दहा वर्षांची आणि धाकटा पाचाचा. दोघेही घरीच शिकतात. शाळेत का घातले नाही, हे पाहुण्यांनी विचारून झाले आहे आणि आम्ही सांगूनही झाले आहे. सकाळचे दोन तास माझे, दुपारचे सौभाग्यवतींचे. हल्ली शेजारच्या वहिनी निराळाच प्रश्न विचारतात : "थोरलीला शिकवताना धाकट्याला कसं हो गुंतवून ठेवता?"

या 'गुंतवून ठेवण्या'पाशीच मी अडखळतो. गुंतणे ही मुलाची क्रिया; गुंतविणे ही आपली. प्रयोजक क्रियापद आले की कर्ता बदलतो, आणि पुष्कळदा हेतूही बदलतो. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका एके काळी तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवून कामावर जात. त्या बिचाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता. आपल्या हाताशी मोबाइल आहे. तो दिला की पोर तासभर हूं की चूं करीत नाही, आणि काढून घेतला की सारे घर डोक्यावर घेते. शांतता मिळते खरी, पण उसनवारीची!

धाकट्याला खरोखर काय हवे असते? खेळणे नव्हे. समोर बसलेला बाप त्याला हवा असतो, आणि तोच नेमका ताईच्या वहीत डोके घालून बसलेला असतो. म्हणून आमच्याकडे पहिली पाळी धाकट्याची. पंधरा-वीस मिनिटे, पण पुरती त्याची. अक्षरे, एखादी गोष्ट, थोडी मोजणी. पोट भरलेले मूल पंक्तीत स्वस्थ बसते, भुकेले बसत नाही, हे साध्या जेवणाइतकेच लक्ष देण्यालाही लागू आहे.

त्यानंतर त्याला काम. मात्र काम खरे हवे. माझ्या आईने एकदा मूग आणि मटकी मुद्दाम कालवून त्याच्यापुढे ताट ठेवले. दोन दिवस त्याने निमूटपणे निवडली. तिसऱ्या दिवशी विचारले, "आजी, मी निवडलं की तू परत कालवणार ना?" आजी निरुत्तर! तेव्हापासून त्याच्यापुढे त्या दिवशीच्या भाजीचे मटार येतात. दाणे तो दहा-दहाच्या राशींनी मोजतो, आणि जेवताना प्रत्येकाला आठवण करून देतो, की हे मी सोलले आहेत.

आणि त्याचे कान मोकळेच असतात. पूर्वी संध्याकाळी दिवा लागला की घरातली लहानमोठी पोरे एका रांगेत बसून परवचा म्हणत. पावकी-निमकी येणाऱ्याच्या शेजारी दोनाचा पाढा न येणारा बसलेला असे. ऐकता ऐकता त्याच्याही ओठांवर पाढे चढत. आमचा धाकटा मटार सोलता सोलता ताईचा सातांचा पाढा उचलून बसला आहे. सात आठे किती, ते त्याला ठाऊक आहे; सात आणि आठ मिळून किती, ते अजून नाही!

मग थोरलीलाच धाकट्याची मास्तरीण का करू नये? ही युक्ती जुनी आहे. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत, आपल्याकडची पोरे वाळूत बोटाने अक्षरे गिरवितात ते पाहून, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची पद्धत बसविली आणि 1797 साली तिच्यावर पुस्तक छापले. ती पुढे विलायतभर गाजली. दुसऱ्याला शिकविताना आपले ज्ञान पक्के होते, हे खरेच.

पण या युक्तीला दुसरी बाजू आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. तिथली मोठी मुले शाळेत येत नसत, कारण धाकटी भावंडे कडेवर होती. बाईंनी भावंडाला दूर ठेवायला सांगितले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याची सोय झाली, तेव्हा थोरलीच्या हाती पाटी आली.

माझी मुलगी एकदा अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, तो रडला की माझा तास संपतो." तक्रार नव्हती, निरीक्षण होते; म्हणूनच ते मला अधिक लागले. आता आमचा नियम असा : तो रडला तर उठायचे मी, तिने नाही, आणि गेलेली मिनिटे तिला त्याच दिवशी भरून द्यायची. त्याला गोष्ट वाचून दाखवायची की नाही, ही तिची खुशी. बहुतेक दिवशी ती दाखविते. सक्ती असती तर दाखविली असती की नाही, कोण जाणे!

वहिनींना माझे एवढेच सांगणे आहे, की येत्या चार दिवसांत अंगणातल्या किल्ल्याकडे जरा पाहा. थोरली बुरुज आखते आहे, धाकटा माती कालवतो आहे, मध्येच अळीव पेरतो आहे. दुपारची जेवायची वेळ टळून जाते तरी दोघांना शुद्ध नसते. त्यांना तिथे कोणीही गुंतवून ठेवलेले नाही. ती आपली आपण गुंतली आहेत.