रात्रीची राखण, रानडुक्कर आणि उजळणाऱ्या फुलीची दुर्बीण : खरेदीआधी हे वाचा

भात दाण्यात भरू लागला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खे खाचर लोळवून जातो. जव्हार तालुक्यातील साखरशेत असो वा मोखाड्याच्या वरकस उतारावरची नागली, जंगलाला लागून शेत असणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यामुळेच बंदुकीवर बसवायच्या 'प्रकाशित रेटिकल'च्या दुर्बिणीबद्दल विचारणा होते. ती अंधारात उपयोगी आहे का, आणि आपल्याकडे चालते का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवून पाहू.

दुर्बीण नेमके काय करते?

रेटिकल म्हणजे भिंगात दिसणारी नेमाची फुली. संधिप्रकाशात काळी फुली काळ्या जनावरावर दिसेनाशी होते. म्हणून तिच्या मध्यावर बारीक दिवा देतात आणि लाल ठिपका दिसतो. एवढेच. हा दिवा फुली उजळतो, समोरचे जनावर नाही.

समोरचे किती दिसेल हे भिंगावर ठरते. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. ८ पट मोठेपणा आणि ५६ मिमी भिंग असेल तर ७ मिमी. ९ पट आणि ४० मिमी असेल तर जेमतेम ४.४ मिमी. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिमी उघडते, वयानुसार ती कमी उघडते. त्यात ठिपका जास्त प्रखर ठेवला तर बाहुली आणखी आकसते आणि मागचे जनावर अधिकच धूसर दिसते. थोडक्यात, ही दुर्बीण बंदूक कुठे रोखली आहे ते सांगते. कशावर रोखली आहे ते सांगत नाही.

बोरशेतीची घटना काय शिकवते?

जानेवारी २०२५ च्या अखेरीस आपल्याच पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या पारधीला गेले होते. हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली गेली आणि त्यांच्यातल्याच माणसाचा जीव गेला. नेम लागला होता, ओळख चुकली होती. फुली कितीही उजळली तरी ही चूक टळत नाही.

आपल्या भागाचा विचार करा. मोहाच्या हंगामात बायाबापड्या पहाटेच्या अंधारात झाडाखाली वाकून फुले वेचतात. राखणीला शेजारच्या बांधावर कोणीतरी असतेच. झुडपाआड वाकलेला माणूस आणि डुक्कर यांत अंधारात फरक कळत नाही, आणि साधी .२२ ची गोळीही दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. युरोपात या दुर्बिणी वापरतात, पण तिथे परवानाधारक प्रशिक्षित शिकारी बहुधा उंच माळ्यावर बसून खाली जमिनीच्या दिशेने गोळी झाडतो.

कायदा काय म्हणतो?

- वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. विनापरवाना शिकारीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.
- उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ नुसार वन विभाग लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीनंतर मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता ठरते. मांस वाटून घेता येत नाही.
- शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीकसंरक्षणाचा परवाना ठासणीच्या बंदुकीसाठी सांगितला आहे. अशा बंदुकीवर महागडी दुर्बीण बसवणे म्हणजे बैलगाडीला विमानाचे घड्याळ लावणे.

केरळने मे २०२२ मध्ये स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना असे आदेश देण्याचे अधिकार दिले. तरीही तिथे गोळी परवानाधारकानेच झाडायची असते. विष, स्फोटके आणि वीजप्रवाह यांना बंदी आहे. म्हणजे जिथे मोकळीक दिली, तिथेही अंधारात कोणीही बंदूक चालवावी असे म्हटलेले नाही.

मग पैसे कुठे घालावेत?

१. एकाच मुदतीचे वाण लावा. जंगलाकडेला एकच हळवे खाचर आधी पिकले तर सगळा कळप तिथेच उतरतो. शेजाऱ्यांनी ठरवून एका पट्ट्यात हळवे किंवा निमगरवे लावले तर राखणीचे दिवस कमी होतात आणि नुकसान एकाच घरावर पडत नाही.

२. सामाईक सौर कुंपण करा. खालची तार जमिनीपासून २० ते २५ सेंमीवर ठेवा आणि तिला गवत टेकू देऊ नका. झटका यंत्रातूनच द्या. घरगुती वीज तारेत कधीही सोडू नका. त्यात माणसे मरतात. अनुदानासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात जन-वन विकास योजनेची चौकशी करा.

३. नुकसानीचा अर्ज वेळेत द्या. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करा. पंचनाम्याआधी खाचर साफ करू नका. पाऊलखुणा व उकरलेली जमीन यांचे फोटो काढा.

४. पीकविमा तपासा. वन्यप्राण्यांचे नुकसान खरीप २०२६ पासून पीकविम्यात जादा संरक्षण म्हणून घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ७२ तासांत अॅपवर फोटोसह कळवणे त्यात बंधनकारक आहे. मात्र प्राणी आणि जिल्हे राज्याने अधिसूचित करायचे आहेत. आपला जिल्हा व पीक यादीत आहे का, हे विमा भरण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

भरपाई उशिरा मिळते, परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, ही तक्रार खरी आहे. तिचा पाठपुरावा ग्रामसभेच्या ठरावाने एकत्रित करा. एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन येते. पण खाचरातले भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. अंधारात सुटलेली गोळी मात्र परत बोलावता येत नाही.