घटनेचे शब्द हीच सत्तेची हद्द

तलासरी तालुक्यातील वेवजी हे गाव महाराष्ट्राच्या अगदी काठावर वसले आहे. लगतचे सोळसुंबा गुजरात राज्यात मोडते. या दोन गावांमधील हद्दीवरून तंटा उपस्थित झाला आहे. तेव्हा प्रश्न असा की, राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार कोणास? ग्रामपंचायतीस, तहसीलदारास की मुख्यमंत्र्यांस? वाचकहो, याचे उत्तर कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. ते घटनेच्या शब्दांत आहे.

घटनेचे तिसरे कलम पाहा. राज्याचे क्षेत्र वाढविणे वा घटविणे, त्याच्या सीमा बदलणे, हा अधिकार त्या कलमाने संसदेस दिला आहे, आणि तोही कायदा करूनच वापरावयाचा आहे. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही. शिवाय ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे पाठवावे लागते. कशासाठी? मत व्यक्त करण्यासाठी, संमतीसाठी नव्हे. राज्यांची मान्यता जेथे हवी होती, तेथे म्हणजे 368व्या कलमात, घटनाकारांनी ती उघड लिहून ठेवली. तिसऱ्या कलमात ती लिहिली नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. 1956 साली राज्य पुनर्रचनेचे विधेयक विधिमंडळाकडे आले, तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. संसदेने त्यांऐवजी एकच द्विभाषिक मुंबई राज्य केले. बदललेल्या योजनेवर विधिमंडळाचे मत घेतले नाही, असा आक्षेप बाबुलाल पराते यांनी न्यायालयात घेतला. दुरुस्ती होईल त्या त्या वेळी विधेयक पुन्हा पाठविण्याचे बंधन कलमात नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली तो फेटाळला. पुढे लोकांच्या लढ्याने ते राज्य मोडले. परंतु मोडले तेही संसदेच्या कायद्यानेच. 1 मे 1960 रोजी दोन राज्ये झाली, आणि ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील कोणती गावे गुजरातेत जावयाची, त्यांची यादी त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे.

म्हणून हद्दीचा दगड कोठे आहे हे मोजणीने शोधणे सरकारी खात्याचे काम. तो कोठे असावा हे ठरविणे संसदेचे. दोन राज्यांत हक्काचा वाद उरलाच, तर 131व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालय आहे. कोणी खांब रोवला म्हणून सीमा सरकत नाही.

आता हेच तत्त्व आपल्या घरास लावून पाहा. 341व्या कलमाने अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपती राज्यागणिक जाहीर करतात. त्यानंतर तीत भर घालणे वा वजाबाकी करणे केवळ संसदेच्या कायद्याने होते. 1950च्या आदेशात ही यादी हिंदूंपुरती होती. 1956 साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूर येथे धम्मदीक्षा झाली, आणि दीक्षा घेतलेली कुटुंबे यादीबाहेर पडली. महाराष्ट्र सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस दिल्या, कारण मागासवर्गांसाठी तरतूद करण्याची मुभा 15व्या व 16व्या कलमांनी राज्यास दिली आहे. परंतु राष्ट्रपतींच्या यादीतील एक अक्षरही बदलणे त्या सरकारच्या हाती नव्हते. ते संसदेने 1990 साली केले. मध्ये 34 वर्षे गेली. एक पिढी त्या एका वाक्याबाहेर उभी राहिली.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा हक्क आता जात नाही. तथापि मूळ जातीची नोंद असलेले शाळेचे व महसुली कागद जपून ठेवा. आणि ही यादी राज्यापुरती आहे. पोटासाठी सीमेपलीकडे स्थायिक होणाऱ्यास महाराष्ट्राच्या दाखल्यावर गुजरात राज्याच्या सवलती मागता येत नाहीत. आदिवासी बांधवांच्या 342व्या कलमाखालील यादीस मात्र धर्माची अट नाही.

घटना आपल्या घरात असली पाहिजे, आणि ती वाचली गेली पाहिजे. कोणी अधिकारी ‘होते’ वा ‘होत नाही’ म्हणाला, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा: कोणत्या कलमाने? ज्या सत्तेस या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तिची हद्द तेथेच संपते.