एका खोट्या फारकतीविषयी

वैद्यकीय पदवी घेऊन संशोधनाकडे वळणारा डॉक्टर रुग्णांना पारखा होतो, त्याच्या शिक्षणावर झालेला सरकारी खर्च वाया जातो आणि काही वर्षांनी तो दवाखान्यात परतला तरी त्याच्या हाताचे वळण मोडलेले असते, असे मत अलीकडे मोठ्या आवेशाने मांडले जाते. उपचार करणाऱ्यांनी उपचार करावेत आणि संशोधन प्रयोगशाळेतील पूर्णवेळ शास्त्रज्ञांवर सोपवावे, एवढाच या मताचा गाभा असून त्यापलीकडे पाहण्याची तसदी त्याच्या पुरस्कर्त्यांनी घेतलेली दिसत नाही.

खर्चाचा आक्षेप फार काळ टिकत नाही, कारण ज्याच्या शोधामुळे त्याने कधी न पाहिलेले रुग्ण वाचतात, त्याने समाजाचे ऋण बुडवले असे कोणी म्हणू शकत नाही. हाताचे वळण मोडते हे खरे, परंतु सरावाने ते पुन्हा बसते.

उपचार आणि संशोधन हे दोन वेगळे व्यवसाय आहेत हा आक्षेप मात्र मुळातच चुकीचा आहे, कारण संशोधनाचा प्रश्न कोठे जन्मतो याचा त्यात विचारच नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाड येथे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते, हा क्रम त्या नोंदींतून उलगडत गेला, आणि रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरील साधी गोळी येथे उपयोगी पडेल हे त्यांनी ताडले. 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १९८२ आणि १९८६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वी ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारानंतर सुमारे एक टक्क्यावर आले. हा प्रश्न कोणत्याही दूरच्या प्रयोगशाळेला पडला नव्हता आणि पडलाही नसता, कारण शेतात विंचू चावलेले मूल तेथे पोहोचतच नव्हते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली, प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्याने अधिक लाभ होतो का हे तपासणारी चाचणीही महाडच्याच रुग्णांवर झाली. एकाच माणसाने, एकाच परिसरात, उपचार आणि संशोधन दोन्ही केले.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच बोलका आहे. कलकत्त्यात संशोधन करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनोबिस १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धामुळे बनगावला आलेल्या निर्वासितांमधील पटकीच्या साथीत उतरले, आणि शिरेतून देण्याचे द्रव संपत आल्यावर त्यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. तेथील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली उतरले. संशोधक रुग्णांना पारखा होतो म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

उपचार आणि संशोधन यांची फारकत करणारी वृत्ती महाराष्ट्रातील एका जुन्या वादातही दिसते: सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांना खासगी व्यवसायाची मुभा असावी की त्याऐवजी व्यवसायरोध भत्ता द्यावा. त्या वादात वर्षानुवर्षे पैशाचा हिशेब झाला, परंतु या अध्यापकांना संशोधनासाठी किती तास मोकळे मिळतात हे कोणी विचारले नाही. बढतीसाठी शोधनिबंधांची सक्ती केल्याने निकस लेखन वाढते, ही विरोधकांची तक्रार मान्य करावी लागेल, मात्र तो दोष सक्तीचा आहे, संशोधनाचा नव्हे.

यावरचा उपाय फार गुंतागुंतीचा नाही. रुग्णालयातील डॉक्टरला आठवड्यातील ठरावीक वेळ संशोधनासाठी राखून द्यावा, आणि काही वर्षे संशोधनात घालवून परतणाऱ्याची सेवाज्येष्ठता कायम ठेवून त्याला काही महिने अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली काम करू द्यावे. तालुक्याच्या रुग्णालयातील नोंदवह्या रद्दीत न घालता जपाव्यात. सेवानियम लिहिणाऱ्यांनी पुढील पदभरतीची जाहिरात काढण्यापूर्वी एवढे तरी करावे.