तोंड दाखवायचे कोणाला?

कळंबोलीत आमच्या घरापासून भाजीवाल्यापर्यंत जाताना दातांचे चार दवाखाने लागतात. चारही पाट्यांवर थोड्याफार फरकाने तोच मजकूर : रूट कॅनल, कवळी, वेडेवाकडे दात सरळ करणे, अक्कलदाढ, लहान मुलांचे दात, इम्प्लांट. खाली नाव मात्र एकाच डॉक्टरचे. एवढे सगळे एकटा माणूस कधी शिकला असेल, असे मला बरीच वर्षे वाटत असे. मग दाढेच्या निमित्ताने स्वतःलाच आत बसायची वेळ आली तेव्हा कळले, की ब्रेसेसचे डॉक्टर मंगळवारी येतात, अवघड रूट कॅनलवाले गुरुवारी संध्याकाळी, आणि आडवी अक्कलदाढ असली तर सर्जनना फोन करून बोलावतात. यात गैर काही नाही. फक्त आपल्या तोंडात नक्की कोणाचा हात आहे, हे आपण विचारत नाही.

माझे आयुष्य बँकेत गेले. पितळी टोकन हातात घेऊन माणूस तासभर रांगेत उभा राहायचा आणि खिडकीशी पोचल्यावर त्याला सांगितले जायचे, ‘ड्राफ्ट पलीकडे.’ तो चिडायचा आणि त्याचे बरोबर असायचे. दातांच्या बाबतीत आपण सगळेच अजून त्या रांगेत आहोत.

खिडक्या आहेत तरी किती? इंटर्नशिप धरून पाच वर्षांची बीडीएस झाली की माणूस दंतवैद्य होतो, आणि आपली बहुतेक कामे तोच उत्तम करतो. पुढे तीन वर्षांची एमडीएस, आणि तिच्या नऊ शाखा. कीड नसेपर्यंत पोचली तर एंडोडॉन्टिस्ट. कवळी, कॅप, ब्रिज हे प्रोस्थोडॉन्टिस्टचे काम. दात सरळ करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट, हे आता घरोघरच्या आयांना पाठ आहे. हिरड्यांचा डॉक्टर वेगळा असतो हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. हिरडीतून रक्त आले की आपण ब्रश बदलतो. मधुमेह असलेल्यांनी तरी एवढ्यावर थांबू नये, कारण साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर ताब्यात येऊ देत नाहीत. जबड्याचे सर्जन केवळ अक्कलदाढेपुरते नसतात. आमच्या इथे द्रुतगती महामार्ग सुरू होतो. हेल्मेट न घातलेल्या पोराचा जबडा मोडला की तो तेच जोडतात.

मुलांच्या दातांबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य मी माझ्या मुलांच्या वेळी म्हटले आहे, आणि फसलो आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ गुपचूप येते. तिच्या जागी काहीच पडलेले नसते, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती असते कायमची. किडली आणि काढली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. आजोबांनी नातवंडांच्या तोंडात टॉर्च मारून ती एकदा पाहावी.

उरलेल्यांत एक शाखा शाळांतून, वस्त्यांतून दातांचे आरोग्य पाहणारी. राहिल्या दोन, आणि हा लेख मी खरे तर त्यांच्यासाठीच लिहायला बसलो.

आमच्या शाखेत एक शिपाई होता. सगळे त्याला भाऊ म्हणत. लोखंड बाजारातल्या माथाडींच्या संगतीत तंबाखू-चुना मळायला शिकला आणि तीस वर्षे गालात ठेवत राहिला. २०१६ साली, निवृत्तीनंतर, त्याची खालची दाढ हलू लागली. एका दवाखान्यात ती काढली. जखम भरेना. गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या, महिन्याने शेजारची दाढही काढली. कोणी वाईट वागले नाही. पण सगळे दाताकडे पाहत होते, तोंडाकडे कोणीच नाही.

अखेर शेजारच्या मुलीने त्याला एका दंत महाविद्यालयात नेले. तिथे आलेला रुग्ण आधी तपासतात तो ओरल मेडिसिन विभागात, आणि मग त्याला जिथे हवे तिथे पाठवतात. म्हणजे आमच्या बँकेतली ‘चौकशी’ची खिडकी. बाहेरच्या पाट्यांवर ही खिडकी मला कधी दिसलेली नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी दाताला हातही लावला नाही. जीभ उचलून पाहिली, गाल आतून चाचपले, जबड्याखाली गाठ आहे का पाहिले. जखमेचा कण काढून ओरल पॅथॉलॉजिस्टकडे दिला. हा डॉक्टर रुग्णाला बहुधा दिसतच नाही. तो सूक्ष्मदर्शकाशी बसलेला असतो, आणि कर्करोग आहे की नाही हे तोच सांगतो. भाऊला होता. पुढचे उपचार खारघरला टाटाच्या केंद्रात झाले. जबड्याचा एक भाग गेला. उरलेल्यावर बसतील असे दात एका प्रोस्थोडॉन्टिस्टने करून दिले. आता तो वरणभात नीट जेवतो. बोलणे थोडे जड आहे.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा, मग तो दुखत असो वा नसो, या खिडकीवर न्यावा, एवढेच त्याला कोणी आधी सांगायला हवे होते. सुरुवातीला ते दुखत नाही, हीच पंचाईत.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. टपऱ्यांवर पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या लटकू लागल्या. गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करते. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिला कर्करोगकारक ठरवले. सुपारीने गाल आतून आखडतात आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते.

परवा बाजाराच्या नाक्यावर भाऊ भेटला. टपरीपाशी एक विशीतला क्लीनर दोन पुड्या फाडत होता. भाऊने त्याला थांबवले आणि स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून दाखवली. ‘अशी तोंडात घालून बघ.’ पोराने हसत हसत घातली. दोनच गेली.

भाऊ त्याला सोमवारी सकाळी त्या चौकशीच्या खिडकीवर नेणार आहे. पोराची गाडी मात्र रविवारी रात्री माल घ्यायला रायपूरला निघते.